शिष्यवृत्ती आणि कच्चा विषय

नवतपा ओसरलेला असतो पण पावसाचा अद्याप पत्ता नसतो, अशा जूनच्या मध्यावर नागपुरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर जाऊन उभे राहिले, म्हणजे काटोल, भिवापूर, कुही, रामटेक या बाजूंनी सकाळची पहिली एस. टी. धरून गणेशपेठेत उतरलेली आणि तेथून ऑटोचे पैसे वाचवीत पायी आलेली जी बापलेकरे दृष्टीस पडतात, त्यांच्या हातातील प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या घराची सारी उमेद घड्या घालून ठेवलेली असते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि कोणीतरी सांगितले म्हणून बरोबर घेतलेला सातबारा, एवढा ऐवज त्या पिशवीत असतो. मात्र यांपैकी कोणता कागद कोठे लागतो, कोणाची मुदत संपली आहे आणि कोणता मुळातच काढावयाचा राहून गेला आहे, हे त्या दोघांपैकी एकालाही नेमके ठाऊक नसते.

अशाच एका सकाळी कुही तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते. मी त्या वेळी बी. एस्सी.च्या वर्गांना गणित शिकवीत असे. "सर, पोरगी हुशार आहे, पण हे फारम काही आमाले समजत नाही," एवढेच ते बोलले, आणि मीही फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाचा पत्ता सांगून त्यांची बोळवण केली. मुलगी खरोखरच बुद्धिमान होती. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा असल्यामुळे दुरुस्तीसाठी परत आला. परत आल्याचा संदेश अर्जात ज्याचा क्रमांक दिला होता त्या मावसभावाच्या मोबाइलवर गेला. त्याने तो वाचला नाही, आणि मुदत निघून गेली. मग फीची भर घालण्यासाठी ती दुपारी एका कापडाच्या दुकानात बसू लागली, दुपारचे गणिताचे तास बुडू लागले, आणि मराठी माध्यमातून आलेल्या त्या मुलीला जो विषय इंग्रजीतून आधीच जड जात होता तोच पहिल्या सत्रात राहिला. दुसऱ्या वर्षी ती दिसली नाही. पुढे पुष्कळ वर्षे मी या घटनेचा विचार केला, तेव्हा ध्यानात आले की, शिष्यवृत्तीचा अर्ज हे कार्यालयाचे काम आणि कच्चा विषय हे वर्गाचे काम, अशी जी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे तीच मुळात चुकीची आहे. कारण पैसा अडला की विषय अडतो, आणि विषय अडला की पुढच्या वर्षाचा पैसा अडतो. म्हणून या दोन्ही गोष्टींसंबंधी विद्यार्थ्यांना व पालकांना जे सांगावयाचे ते एकाच लेखात सांगत आहे.

प्रथम शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, आणि आपल्याकडे ती आजही 'भारत सरकार शिष्यवृत्ती' या नावानेच ओळखली जाते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना फीची सवलत देण्याचा पायंडा यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात पडला, 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे तेव्हापासून महाराष्ट्रातील घराघरांत रुळली, आणि आज त्याच सवलतीला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असे नाव आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असलेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी फ्रीशिपची, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काच्या माफीची, वेगळी योजना आहे, आणि तिची माहिती नसल्यामुळे 'आमचे उत्पन्न बसत नाही' असे म्हणून कित्येक कुटुंबे अर्जच करीत नाहीत. राजर्षी शाहू योजनेची मर्यादा आठ लाखांची असून तिच्यात सामान्यतः निम्मे शिक्षण शुल्क मिळते. परंतु ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. येथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. ही माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेसाठी आहे. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला, तसेच खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांतील प्रवेशाला ती लागू नाही. प्रवेश घेतल्यावर हे कळले तर उपाय राहत नाही.

फीपेक्षाही बाहेरगावच्या विद्यार्थ्याला जो खर्च मारतो तो राहण्याचा आणि जेवणाचा. सीताबर्डी, नंदनवन, मानेवाडा या भागांतील खोल्यांचे भाडे ज्याला द्यावे लागते त्याला हे निराळे सांगावयास नको. समाजकल्याणाच्या वसतिगृहात अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात तिची वार्षिक रक्कम भोजन, निवास आणि निर्वाह मिळून साठ हजार रुपये ठरविण्यात आली. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास वर्गीयांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना उपलब्ध आहे. ज्या पंजाबरावांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढून निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणि एका पंक्तीला आणली, त्यांचे नाव निवासाच्या योजनेला मिळावे हे मला फार उचित वाटते. या सर्व रकमा व अटी शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावरून काढून तो स्वतः वाचावा. तो मराठीतच असतो, आणि बारावी झालेल्या मुलाला तो समजू नये असे त्यात काही नसते.

आता कागदांकडे वळू. आमच्याकडे तलाठ्याला पटवारी म्हणतात, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची वाट त्याच्या अहवालावरून तहसील कचेरीत जाते. हा दाखला चालू आर्थिक वर्षात ग्राह्य धरला जाईल असाच असला पाहिजे. १ एप्रिलनंतर तो नव्याने काढणे हे त्या घरातील गुढीपाडव्यानंतरचे पहिले काम समजावे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र हा उत्पन्नाच्या दाखल्याचा पर्याय नव्हे. ते विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग व विशेष मागास प्रवर्ग यांना लागते, अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. शिवाय व्ही.एन.आय.टी.सारख्या केंद्रीय संस्थेत प्रवेश घ्यावयाचा असेल, तर राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र तेथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातील वेगळे काढावे लागते. ज्या भूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली त्या नागपुरात आणखी एक सूचना देणे अवश्य आहे: बौद्ध विद्यार्थ्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या, आणि त्यासाठी मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेले विहित नमुन्यातील प्रमाणपत्रच लागते, दाखल्यावर केवळ 'बौद्ध' अशी नोंद असून भागत नाही.

सर्वांत अवघड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. २००० सालचा जो जात प्रमाणपत्र अधिनियम २००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ म्हणून प्रसिद्ध झाला, त्याअन्वये दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, आणि कुटुंबाचे वास्तव्य व जात यांचा पुरावा ठराविक दिनांकापूर्वीचा असावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर इतका जुना पुरावा कोठून आणावा, असा प्रश्न प्रत्येक गरीब घर विचारते, आणि तो रास्त आहे. परंतु विदर्भ हा पूर्वी मध्यप्रांताचा भाग असल्यामुळे येथील दप्तरांत काही अशा नोंदी आहेत ज्या पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांना सुचत नाहीत. गावच्या कोतवालाने लिहिलेली जन्ममृत्यूची पंजी, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'कोतवाल बुक', हिच्यात जन्मलेल्या मुलाच्या बापाचे नाव आणि जात लिहिलेली असे; तिचा नक्कल-अर्ज तहसीलच्या अभिलेख कक्षात करावा. मालगुजारी गेल्यानंतर तयार झालेला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, त्यापूर्वीचे बंदोबस्ताचे कागद, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर, हेही पाहावे. स्वतःच्या आजोबांचे नाव न सापडले तर त्यांच्या भावाचे, चुलत्याचे शोधावे. वडिलांकडील रक्तसंबंधीयाची नोंद वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राने जोडता येते, आणि त्या घराण्यात कोणाला पूर्वी वैधता मिळाली असेल तर तो पुरावा फार मोलाचा ठरतो. मी असे कितीतरी विद्यार्थी पाहिले की, ज्यांच्या पणजोबांचे नाव पंजीत स्वच्छ लिहिलेले होते, पण ते शोधण्याची सुरुवात प्रवेशाची यादी लागल्यानंतर झाली.

अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर भरला जातो. तेथून तो महाविद्यालयाच्या कारकुनाकडे, प्राचार्यांकडे आणि मग संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे सरकतो. अनुसूचित जाती आणि जमातींचे अर्ज अनुक्रमे समाजकल्याण व आदिवासी विकास या खात्यांकडे जातात; नागपुरात समाजकल्याणचे कार्यालय दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अर्जात मोबाइल क्रमांक विद्यार्थ्याचा स्वतःचाच असावा, आणि दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहावी; 'दुरुस्तीसाठी परत' असा शेरा आला की त्याच दिवशी दुरुस्ती करून अर्ज पुन्हा पाठवावा. बँकेत आधार क्रमांक दिला म्हणजे काम झाले ही समजूतही काढून टाकावी. थेट लाभाची रक्कम ज्या एका खात्याशी आधार राष्ट्रीय देयक निगमाच्या नोंदीत जोडलेला असतो त्याच खात्यात जाते. ते खाते बहुधा शाळेत असताना उघडलेले आणि आता निष्क्रिय झालेले निघते, आणि रक्कम मंजूर होऊनही हाती येत नाही. बँकेत जाऊन ही जोडणी कोणत्या खात्याशी आहे ते स्पष्ट विचारून घ्यावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या खात्यात शिक्षण शुल्काचाही हिस्सा जमा होतो; तो सात दिवसांत महाविद्यालयाला द्यावयाचा असतो, घरच्या अडचणीला वापरावयाचा नसतो, हे आईवडिलांनाही आधीच समजावून सांगावे.

कचेरीत दाद कशी मागावी, याविषयी आपल्या लोकांच्या मनात अकारण भीती आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. उत्पन्न, जात, अधिवास इत्यादी दाखल्यांची मुदत त्याअन्वये अधिसूचित आहे आणि ती कार्यालयात लावलेली असली पाहिजे. अर्जाची क्रमांक-दिनांक असलेली पोच घ्यावी. मुदत टळली किंवा अर्ज नामंजूर झाला तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करावे, पुढे द्वितीय अपील आणि शेवटी याच अधिनियमाखालील आयोगही आहे. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फीची मागणी झाली, किंवा मूळ गुणपत्रिका अडवून ठेवल्या गेल्या, तर विनंती तोंडी न करता लेखी करावी. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने ठेवून घेऊ नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल असणे बंधनकारक असून, समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. त्या मंजूर आकड्याहून अधिक मागणी झाली तर पावतीविना एक पैसाही देऊ नये.

येथवर कायद्याचा आधार आहे. कच्च्या विषयाकडे आलो की तो जवळजवळ सुटतो. मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था महाविद्यालयाला विचारते की, येणाऱ्या विद्यार्थ्यांची अध्ययनपातळी तुम्ही तपासता काय आणि मागे पडणाऱ्यांसाठी काय करता. त्याला उत्तर म्हणून उपचारात्मक वर्गांचे वेळापत्रक, हजेरीपट आणि छायाचित्रे जोडली जातात. काही ठिकाणी हे वर्ग मनापासून चालतात, याला मी साक्षी आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज जसा हक्काने मुदतीत निकालात काढून मागता येतो, तसा उपचारात्मक तास विद्यार्थ्याला मागता येत नाही. आणि त्या वर्गाला ज्या नावाने संबोधतात, 'मंदगती विद्यार्थी', ते मला कधीच मान्य झाले नाही. नरखेडच्या शाळेत मराठीतून गणिताचा पाया शिकलेला मुलगा 'लिमिट' या शब्दापाशी थबकला, तर त्याची बुद्धी मंद नसते. त्याच्या आणि विषयाच्या मध्ये फक्त एक परकी भाषा उभी असते.

या बाबतीत अमेरिकेतील राज्यांनी केलेले कायदे व बदल आपण पाहण्यासारखे आहेत. तेथील सामुदायिक महाविद्यालयांत एका परीक्षेच्या गुणांवरून विद्यार्थ्याला पूर्वतयारीच्या वर्गात बसवीत, त्या वर्गाचे श्रेयांक पदवीत धरले जात नसत, आणि त्या वर्गांच्या पायऱ्या चढता चढता पुष्कळ विद्यार्थी मुख्य वर्गापर्यंत पोहोचतच नसत. आर्थिक साहाय्याची सत्रे मात्र खर्ची पडत, कारण केंद्राच्या पेल अनुदानाला बारा सत्रांची मर्यादा आहे. फ्लॉरिडा राज्याने २०१३ साली असे वर्ग बहुतेक विद्यार्थ्यांना ऐच्छिक केले. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने महाविद्यालयांना आज्ञा केली की, शाळेतील गुण व विषय पाहून विद्यार्थ्याला अशा वर्गात घ्यावे, ज्यायोगे तो एका वर्षात पदवीपातळीचे गणित आणि इंग्रजी पूर्ण करील. टेनेसीने मुख्य वर्ग आणि मदतीचा वर्ग एकाच सत्रात शेजारी शेजारी ठेवले. हे तत्त्व मला पूर्णतः पटते. मागे थांबवून पाया पक्का करण्यापेक्षा चालत असतानाच हात धरावा, हे जो शिकवितो त्याला अनुभवाने कळते.

आपल्याकडे असा कायदा होईपर्यंत विद्यार्थ्याने तो स्वतःपुरता अमलात आणावा. 'एक वर्ष घरी राहून गणित पक्के करतो' हा विचार पालकांनी मान्य करू नये. खंड पडला की पुढे त्याचे कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागते आणि सवलतीला बाध येण्याचा धोका असतो. पहिल्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यातच आपला कच्चा विषय कोणता हे त्या विषयाच्या प्राध्यापकाला स्पष्ट सांगावे, आणि तीन-चार सहाध्यायी मिळून उपचारात्मक तासांसाठी प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा. एकट्याच्या विनंतीला 'जागा नाही' म्हणून सांगता येते, पाच जणांच्या अर्जावर काहीतरी लिहावेच लागते. पारिभाषिक शब्दांची वही करावी, डाव्या बाजूस मराठी संज्ञा आणि उजवीस इंग्रजी. मी वर्गात हे करवून घेतले आणि दोन महिन्यांत मुलांचे मौन सुटलेले पाहिले. तांत्रिक अभ्यासक्रमांची पाठ्यपुस्तके मराठीतही निघाली आहेत. इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून ती वाचण्यात कमीपणा मानू नये. विषय राहिलाच तर ए.टी.के.टी.च्या नियमाने पुढे सरकता येते की नाही हे विद्यापीठाच्या अध्यादेशात पाहावे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागावी, आणि ती पुनर्मूल्यांकनापुरती न वापरता प्राध्यापकासमोर बसून आपण कोठे चुकलो ते शोधण्यासाठी वापरावी. उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केलेला आहे. हजेरी मात्र कोणत्याही सबबीवर घसरू देऊ नये. स्वाधारसारख्या योजनांत पंच्याहत्तर टक्के उपस्थिती आणि गुणांची अट असते, आणि नूतनीकरणाचा अर्ज मागील वर्षाच्या निकालावर उभा असतो.

प्राध्यापक मित्रांनाही एक शब्द सांगावयाचा आहे. दाराशी आलेल्या बापलेकीला दुकानाचा पत्ता सांगून परत पाठवू नका. तो अर्ज तुमच्यासमोर अर्ध्या तासात भरून होतो, आणि तो भरता भरता त्या मुलीला गणित येत नाही की इंग्रजी, हेही तुम्हाला कळते.

ज्यांच्या घरी या वर्षी मूल अकरावी-बारावीत आहे, त्यांनी परीक्षा होईपर्यंत थांबू नये. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकत असतानाच जात वैधतेचा अर्ज करता येतो. या दिवाळीच्या सुटीत गावी जाल तेव्हा शाळेतून आजोबांच्या दाखल-खारीज नोंदीचा उतारा मागा, तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीच्या नकलेचा अर्ज द्या, आणि त्या अर्जाची पोच जपून ठेवा.